स्थिर पाण्यातले घोडे

१

सकाळी उठलं की बन्सी आधी बायकोला उठवून खिडकीपाशी खुर्चीत बसवायचा, ओल्या पंच्यानं तिचं तोंड पुसायचा, बशीत ओतून चहा पाजायचा, आणि मग काचेच्या टाकीकडं वळायचा. घरात दोघंच. मूलबाळ झालं नव्हतं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात बन्सीनं उभा जन्म बिघडलेल्या मशिनी दुरुस्त करण्यात घालवला होता, आणि विमानतळाच्या भिंतीमागं नव्यानं झालेल्या वसाहतीत हे छोटं बैठं घर बांधलं होतं. आशाबाईला लकवा मारला आणि त्यानं मुदतीआधीच नोकरी सोडली.

तिची उजवी बाजू गेली होती. बोलणंही गेलं होतं, ते एकेक शब्द करत थोडं परत आलं. उजवा हात मात्र आला नाही. मांडीवर ठेवला तर मांडीवर, खाली लोंबला तर खाली. व्यायाम घ्यायला एक मॅडम घरी यायच्या, त्या हाताची बोटं उघडायच्या, मिटायच्या, त्यात चेंडू द्यायच्या. चेंडू फरशीवर पडून पलंगाखाली जायचा.

दिवाळीच्या आधी एकदा टीव्हीवर समुद्राचा कार्यक्रम लागला होता. बोटाच्या पेरापेक्षा लहान समुद्रघोडे, शेपटीनं गवताची काडी धरून उभे. आशाबाईच्या घशातून आवाज निघाला. बन्सी स्वयंपाकघरातून धावत आला तर ती हसत होती. "असले," ती म्हणाली. मग बराच वेळ शब्द शोधत राहिली. "आपल्याकडं."

एवढ्या महिन्यांत तिनं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. बन्सीनं दुसऱ्याच दिवशी अन्सारचं दुकान गाठलं.

अन्सार रंगीत मासे विकायचा. कारखान्याच्या साहेबांच्या केबिनमधली मत्स्यपेटी तोच सांभाळायचा, तेव्हापासूनची ओळख.

"बन्सीभाऊ, ये झमेला कायको?" तो म्हणाला. "दोन गोल्डफिश न्या, भाभी खूश होतील. हे घोडे लई नाजूक. पाणी खारं लागतं, खायला जिवंत लागतं. पाण्याला जरा धार लागली की बेजार होतात बिचारे."

"तिला घोडेच पाहिजेत."

अन्सारनं डोकं खाजवलं. "समुद्रातून धरलेले मी आणणार नाय, तो गुन्हा आहे. पुण्याला एक जण टाकीतच पैदास करतो, कागदपत्रं करून देतो. त्याच्याकडं बुटक्या जातीचे मिळतात का बघतो. पण आधी टाकी पिकवा, घाण खाणारे जंतू पाण्यात तयार होऊ द्या. पाणी पिकल्याशिवाय मी आणायचो नाय."

तेव्हा पाणी पिकवणं हा बन्सीचा उद्योग झाला. जारचं शुद्ध पाणी, त्यात टाकीचं खास मीठ, खारटपणा मोजायची नळी, तळाला पांढरी वाळू. स्पंजाचा एक छोटा फिल्टर, त्यातून अगदी सावकाश बुडबुडे निघतील अशी चावी बसवलेली. टाकी मुद्दाम लहान घेतली होती. हे जीव इतके बारके, की मोठ्या टाकीत त्यांना आपलं खाणंच सापडत नाही. शेपटीनं धरायला हिरवं शेवाळी गवत लावलं. कोपऱ्यात उलट्या बाटलीत खाऱ्या पाण्यातल्या बारीक किड्यांची अंडी घातली, त्यातून नारिंगी रंगाचे जिवंत ठिपके निघायचे. तेच घोड्यांचं जेवण. बाटलीतली हवेची नळी दिवसभर गुडगुडायची. आशाबाई खुर्चीतून रिकाम्या टाकीकडं बघत राहायची आणि बन्सी काही जोडायला वाकला की म्हणायची, "झालं?"

"नाय अजून. पाणी पिकू दे."

२

घोडे आले ते थंडी पडल्यावर. पिशवीत पाण्याशिवाय काही आहे असं प्रथम वाटलंच नाही. अन्सारनं पिशवी टाकीत तरंगत ठेवली, हळूहळू टाकीचं पाणी तिच्यात मिसळलं, आणि मग एकेक घोडा पेल्यानं सोडला. नखाएवढे जीव. मान वाकवलेली, पाठीवर पंखा भिरभिरणारा. टाकीत उतरताच एकेकानं गवताची काडी शोधली, शेपटीचा वेढा घातला आणि उभा राहिला.

"तो बघा, पोट फुगलेला," अन्सार म्हणाला. "तो नर. यांच्यात गर्भार बाप राहतो."

आशाबाई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बन्सीनं तिची खुर्ची अगदी टाकीला भिडवली. त्या दिवशी त्याला वाटलं, चला, आता हळूहळू सगळं रुळावर येईल.

पहिले काही दिवस तसेच गेले. सकाळी तो घोड्यांना नारिंगी ठिपके सोडायचा. घोडा डोळा फिरवायचा, ठिपका जवळ आला की तोंडाची नळी टक् करून ओढून घ्यायची. तो टक् आवाज ऐकू येतो असं आशाबाई खुणेनं सांगायची. बन्सीला ऐकू यायचा नाही.

मग एका सकाळी चहाची बशी हातात धरून तो टाकीपुढं उभा राहिला, आणि काहीतरी खटकलं. काय ते लगेच कळेना. घोडे होते तिथंच होते, काड्या धरून. पण उभे नव्हते, सगळे कलले होते. शेपट्या ताणलेल्या, अंगं आडवी, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. जोराच्या वाऱ्यात दोरीवरचे कपडे उडतात, तसे.

पाण्याला धार लागली, त्याच्या मनात आलं. चावी ढिली झाली असेल. त्यानं हात घालून चावी तपासली. ती घट्ट होती. बुडबुडे नेहमीसारखे सावकाश, एकामागं एक. त्यानं पंपच बंद केला. बाटलीची गुडगुडही थांबली. घरात एकदम शांतता झाली, रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज तेवढा आला आणि गेला.

घोडे तसेच आडवे.

त्यानं चमचाभर ठिपके पाण्यात सोडले. धार असती तर ते वाहत गेले असते. ते जागच्या जागी लोंबत राहिले, उन्हाच्या तिरिपीत धूळ लोंबते तसे. पाणी अगदी स्थिर होतं. आणि त्या स्थिर पाण्यात ते नखाएवढे जीव, पुरात झाडाला धरून राहिलेल्या माणसांसारखे, काडी धरून राहिले होते.

"काय?" आशाबाईनं विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला. "थंडीनं आखडलेत."

३

अन्सार दुपारी आला. टाकीपुढं उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"उजेडाकडं तोंड करत असतील," बन्सी म्हणाला.

"उजेड तर खिडकीतून येतोय. ते आतल्या खोलीकडं कललेत." अन्सारनं टाकीच्या काचेला हात लावला. "पाणी बदललं? साबणाचा हात लागला?"

"नाय."

"मग टाकी फिरवून बघू. काचेत काही दिसत असंल त्यांना."

दोघांनी अर्धं पाणी काढून टाकी उचलली आणि तोंड फिरवून ठेवली. आता गवत खिडकीच्या बाजूला आलं होतं. हलवाहलवीत घोडे काड्यांना घट्ट चिकटले होते. पाणी स्थिरावलं. दोघं वाट बघत बसले.

एकेक करून घोडे वळले. गवत फिरलं, टाकी फिरली, पण ते पुन्हा आतल्या खोलीच्या भिंतीकडंच कलले.

मग त्यांनी टाकी स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेऊन बघितली. तिथंही तीच दिशा. बन्सीचं डोकं अजून मशिनीच्या रीतीनं चालत होतं. कंप असेल, तो म्हणाला. मागं विमानतळ आहे, विमान उतरलं की जमीन थरथरते. लोहचुंबकासारखं काही असेल. भिंतीत विजेची तार गेली असेल.

"असंल," अन्सार म्हणाला. पण तो बन्सीकडं बघत नव्हता. तो ओट्याची कड धरून उभा होता, आणि आपण ती धरलीय हे लक्षात येताच त्यानं हात काढून विजारीला पुसला. "माझ्या दुकानात असं कधी बघितलं नाय, भाऊ. घोडा धरतो कधी? ओढ असली तर धरतो. ओढ नसली तर फिरतो, खेळतो."

"मग ओढ कसली?"

"मला काय माहीत?" तो जरा चिडूनच म्हणाला. टाकी जागेवर ठेवायला हात लावून तो लगेच निघाला, चहालाही थांबला नाही.

बन्सी बाहेरच्या खोलीत आला. आशाबाई टाकीकडं बघत नव्हती. घोडे जिकडं कलले होते तिकडं, आतल्या खोलीच्या दाराकडं, ती बघत होती.

"काय दिसतं गं?"

तिनं मान हलवली. शब्द शोधला. सापडेना. मग डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून तिनं खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, आणि बन्सीकडं असं बघितलं, की झालं, आता कळलं ना तुम्हांला.

त्याला काही कळलं नाही.

४

आणि तो हात दांड्यावर राहिला. घसरला नाही.

दुसऱ्या सकाळी व्यायामाच्या मॅडम आल्या तेव्हा त्यांनीच आधी पाहिलं. आशाबाईची उजवी बोटं दांड्याभोवती मिटलेली होती. त्यांनी एक बोट ओढून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा फुलला. "काका, पकड आली! बघा तर, केवढा जोर आहे!"

बन्सी बघतच राहिला. त्यानं तिच्या बोटांवर बोटं ठेवली. खरंच जोर होता. त्यानं कोपऱ्यावरून पेढे आणले, शेजारी वाटले, खुलताबादला मेहुणीला, साळूबाईला, फोन लावला. "आक्काचा हात आला!" ती तिकडून ओरडली.

पेढा तोंडाजवळ नेला तर आशाबाईनं तो घेतला नाही. तिच्या कपाळावर घाम होता.

पुढं रोज पकड वाढत गेली. दुपारी पलंगावर निजवलं की तिचा उजवा हात आधी पलंगाची लोखंडी दांडी शोधायचा. खुर्चीच्या दांड्याचं पॉलिश तिच्या नखांखाली निघून आलं. मॅडम म्हणायच्या, उत्तम आहे, आता सोडणं शिकायचं. पण सोडणं तिला जमत नव्हतं. किंवा ती सोडत नव्हती. हे दोन्ही वेगवेगळं आहे असं बन्सीच्या मनात यायचं, आणि ते तो लगेच झटकायचा. आजारी माणसाच्या हाताची नस आखडते, त्याला एवढं काय. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, कधी कधी स्नायू कडक होतात.

टाकीतले घोडे आता खात नव्हते. ठिपके त्यांच्या तोंडासमोर लोंबत राहायचे. खायला मान हलवली तर पकड सुटेल अशी धास्ती घेतल्यासारखे ते एकदम गप्प धरून राहिले होते.

एका दुपारी बन्सी भांडी घासून बाहेर आला आणि त्याच्या डोळ्यांदेखत एका घोड्याची शेपटी सुटली. तोच पोट फुगलेला नर. तो पोहला नाही, धडपडला नाही. सरळ उभ्याचा उभा, स्थिर पाण्यातून झपाट्यानं गेला आणि पलीकडच्या काचेला लागला. तिथं चिकटून राहिला. त्याचा एक डोळा बन्सीकडं फिरला.

बन्सी जाळी आणायला वळला. जाळी तिथंच खिळ्याला होती, हात लांबवला की हातात. तो परत वळला तर काचेवर घोडा नव्हता.

वाळूत नव्हता. गवतात नव्हता. फरशीवरही नव्हता. बन्सीनं गुडघ्यावर बसून पलंगाखाली पाहिलं, तिथं व्यायामाचा चेंडू होता. तो भिंतीला टेकला होता. आतल्या खोलीच्या भिंतीला. त्यानं चेंडू उचलून खोलीच्या मधोमध ठेवला. चेंडू हलला नाही. तो बराच वेळ त्याच्याकडं बघत बसला आणि चेंडू जराही हलला नाही, तेव्हा त्याला स्वतःचंच हसू आलं. वय झालं, बन्सी. डोकं फिरायला लागलं.

"गेला," आशाबाई मागून म्हणाली.

"काय गेलं?"

"गेला," ती पुन्हा म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. तिची बोटं दांड्यावर पांढरी पडली होती.

५

त्यानं एक काचेची बरणी घेतली. टाकीचं पाणी भरलं, गवताची एक काडी खड्याला बांधून आत सोडली, आणि तिला धरलेला एक घोडा अलगद त्यात आणला. शेजारणीला आशाबाईजवळ बसवलं आणि ऐन दुपारी बरणी छातीशी धरून तो बाहेर पडला. काय असेल ते घरात असेल, घराबाहेर नेलं की घोडा सरळ होईल, असा त्याचा हिशेब.

घराला वळसा घालून तो मागच्या रिकाम्या मैदानात आला. कुसळं वाळली होती. पलीकडं विमानतळाची लांब भिंत आणि तिच्यावर तारा. आतल्या खोलीची भिंत आता त्याच्या पाठीशी होती. तिच्यात काही असेल तर घोडा मागं, घराकडं कलायला हवा.

घोडा पुढं कलला होता. मैदानाकडं.

बन्सी चालू लागला. थोडं गेला की थांबायचा, बरणीतलं पाणी स्थिरावू द्यायचा. ऊन चांगलं होतं, कुणीतरी लांब गाडीचा भोंगा वाजवत होतं. भिंतीपाशी तो पोचला तेव्हा घोड्याची शेपटी इतकी ताणली होती की काडी वाकली होती. भिंतीतल्या एका भोकातून त्यानं पलीकडं पाहिलं. सपाट जमीन, धावपट्टीची करडी रेघ, तिच्यापलीकडं उन्हात हलणारी हवा. काही म्हणजे काही नव्हतं. जिकडं बघून घाबरावं असं तिथं काहीच नव्हतं, आणि त्याच्या मानेवर काटा आला तो त्यामुळंच.

तो परत फिरला. घराकडं चालताना चढ लागावा तसं त्याला जड जात होतं. मैदान सपाट होतं. भिंतीकडं जाताना दम लागला नव्हता. परतताना मात्र मध्येच थांबून त्यानं एका बोरीच्या फांदीला धरलं. काटा टोचला, रक्त आलं, तरी थोडा वेळ त्यानं फांदी सोडली नाही.

घरी येऊन पाहिलं तर बरणीत नुसती काडी होती. वाकलेली होती ती सरळ झाली होती.

६

साळूबाई खुलताबादहून आली ती आक्काचा हात बघायला.

"दाजी, हे काय? बोटं काळीनिळी पडलीत."

पडलीच होती. गेल्या दोन दिवसांत आशाबाईनं खुर्ची सोडली नव्हती. निजायला चल म्हटलं की डोळे मोठे करायची. मॅडमनी सकाळीच बजावलं होतं, रक्त अडलंय, हात सोडवला नाही तर बोटं जातील, जमत नसेल तर दवाखान्यात न्या. बन्सीनं रिक्षाही सांगून ठेवली होती. पण खुर्चीसकट कसं नेणार?

"सोडवू आपण," तो म्हणाला. "तू तेल आण."

साळूबाई स्वयंपाकघरात गेली. बन्सी खुर्चीपुढं गुडघ्यावर बसला आणि करंगळीपासून सुरुवात केली. "आशा, ढिला सोड. मी हाय ना."

"नको," ती म्हणाली.

"थोडंच दुखंल."

"अवो, नको. धरू द्या."

लकवा मारल्यापासून एवढं स्वच्छ ती बोलली नव्हती. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत इतकी भीती होती, की क्षणभर त्याचा हात थांबला. पण बोटं निळी होती, आणि तो उभा जन्म अडकलेलं सोडवत आलेला माणूस होता. त्याला वाटलं, तिची भीती म्हणजेच आजार. त्यानं करंगळी सोडवली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. तर्जनी सोडवताना त्याला दोन्ही हात लावावे लागले. अंगठा आपोआप सुटला.

प्रथम काहीच झालं नाही. हात दांड्यावरून घसरून तिच्या मांडीवर पडला. आशाबाई खुर्चीत होती. पदर खांद्यावर होता, तो हललासुद्धा नाही. बन्सी हसून काहीतरी बोलणार होता.

मग त्याच्या लक्षात आलं, की ती लांब जातेय.

ती खुर्चीतच होती. तिचा चेहरा त्याच्यापासून हातभर होता, लहानही होत नव्हता, आणि तरी लांब जात होता. एसटी सुटल्यावर मागच्या काचेतलं ओळखीचं माणूस जसं बघतं, तशी ती बघत होती. तिचं तोंड उघडलं. "धरा," ती म्हणाली, आणि तो आवाज आतल्या खोलीच्या पलीकडून, मैदानाच्याही पलीकडून आला.

त्यानं झडप घालून तिचं मनगट धरलं. मनगट हातात होतं, ऊबदार होतं, पण त्याला वजन नव्हतं. आणि मग ओढ त्यालाही लागली. वारा नव्हता, धक्का नव्हता. झोपेच्या काठावर पाय घसरल्यासारखं वाटतं ना, तसं, आणि ते थांबेना. त्याचा दुसरा हात खिडकीच्या गजाला लागला. त्यानं गज धरला.

मान वळवली तेव्हा टाकी त्याला दिसली. गवताच्या सगळ्या काड्या सरळ उभ्या होत्या. एकाही काडीला घोडा नव्हता.

दुपारचं तिरपं ऊन खोलीत आलं होतं. त्या उन्हाच्या पट्ट्यात, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, नखाएवढं काहीतरी उभ्याचं उभं सरकत गेलं. मान वाकवलेली. पाठीमागून आणखी एक. पाण्यात जावं तसे ते कोरड्या हवेतून, त्याच्या कानाजवळून, आतल्या खोलीच्या दाराकडं गेले. दारात अंधार होता. तो अंधार खोलीएवढा नव्हता. फार खोल होता, आणि त्यात फार लांबवर, माणसासारखं उभं काहीतरी होतं. एक नव्हतं. पुष्कळ होते. सगळ्यांच्या पाठी इकडं होत्या, सगळे जात होते.

बन्सी ओरडला. निदान साळूबाई तरी म्हणते की ओरडला. ती तेलाची वाटी टाकून धावली. तिनं काय पाहिलं कोण जाणे, पण तिनं काही विचारलं नाही. बहिणीचा उजवा हात उचलला, खिडकीपाशी नेला, आणि तिची निळी बोटं एकेक करून गजाभोवती मिटवली, वर आपली मूठ आवळली.

बन्सीच्या हातातल्या मनगटाला हळूहळू वजन आलं.

७

ते घर त्यांनी त्याच दुपारी सोडलं. रिक्षात आशाबाईचा हात रिक्षाच्या दांडीला होता आणि दोघांचे हात तिच्या हातावर. टाकी तशीच राहिली. पुढं अन्सारनं ती उचलून नेली म्हणे, पण धुऊन उलटी ठेवून दिली, विकली नाही.

खुलताबादला साळूबाईचं घर गावाच्या जुन्या तटाच्या आत, चढाच्या गल्लीत. आशाबाईला तिथं खिडकीपाशी खाट घालून दिली. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचली, पकड छान आहे. ती जेवते, दोन-चार शब्द बोलते. फक्त तिचा हात कुणीतरी धरलेला लागतो. एकदा बन्सी, एकदा साळूबाई. हात दमला की दुसऱ्यानं आधी धरायचा आणि मगच पहिल्यानं सोडायचा. बघायला येणाऱ्यांना वाटतं, किती जीव लावतात.

सुरुवातीला बन्सीनं मनाची समजूत घातली होती, की ते त्या घरात होतं, आता सुटलं. तसं साळूबाईही म्हणाली असती. पण एकदा दूध उतू जायला लागलं म्हणून ती हात सोडून चुलीकडं गेली होती, तेवढंच, आणि धावत परत आली. त्यानंतर दूध उतू गेलं तरी ती उठत नाही. काय झालं म्हणून बन्सीनं विचारलं तर म्हणाली, "दाजी, मला इचारू नका."

आज सकाळी साळूबाई बहिणीजवळ बसली होती आणि बन्सी अंगणात नळावर तोंड धुवायला गेला. तोंड धुऊन झालं. पंचा घ्यायला तो वळला, आणि वळता आलं नाही. त्याचा डावा हात नळाला होता. आपण नळ कधी धरला ते त्याला आठवेना. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

त्यानं उजव्या हातानं एक बोट सोडवून पाहिलं. कोरड्या फरशीवर त्याची टाच थोडी सरकली. त्यानं ते बोट पुन्हा होतं तिथं ठेवलं.

अंगणाची भिंत ठेंगणी होती, गल्ली दिसत होती. रोजची सकाळ. बांगड्यांच्या गाडीवाली एका बाईशी भाव करत होती. तिचा एक हात गाडीच्या कडेवर होता, आणि त्या बाईचा दाराच्या कडीवर. समोरचा दुकानदार ताडपत्रीचा बांबू धरून कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होता. दर्ग्याकडं निघालेला एक म्हातारा दर दोन पावलांना भिंतीला हात लावत होता. शाळेला चाललेल्या पोरी एकमेकींचे हात धरून, साखळी करून चालल्या होत्या. सगळे बोलत होते, हसत होते, उशीर झाला म्हणत होते. आपल्या हाताकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. आणि सगळ्यांची अंगं, जरा निरखून पाहिलं तरच कळावं इतकी थोडी, एकाच बाजूला कलली होती.

"दाजी," घरातून साळूबाईनं हाक मारली. "या लवकर. माझा हात दमला."

"आलो," बन्सी म्हणाला.

तो नळ धरून उभा होता.

"दाजी, अवो या ना! सुटतोय!"

"आलो," तो पुन्हा म्हणाला, आणि आपल्या बोटांकडं बघत राहिला.